भावाचं काहीतरी बिनसलंय, नशा आहे का हे कसं ओळखायचं?

थोरली_ताई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचते, लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली आणि ती पण अशा विषयावर. लांबलचक होणारे, सांभाळून घ्या.

मी लग्नानंतर ठाण्यात, माहेर सांगली. घरी आई-बाबा आणि धाकटा भाऊ, २३ वर्षांचा. बीकॉम झालाय, दीड वर्ष पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे ग्राउंड, संध्याकाळी जिम. मागच्या भरतीत १६०० मीटरला मार्क कमी पडले, थोडक्यात गेलं. तेव्हापासून गप्प गप्प असायचा, आम्हाला वाटलं अपयश पचवतोय.

आता गौरी-गणपतीला गेले होते पाच दिवस, आणि मला तो माझा भाऊच वाटेना. दरवर्षी मखर तो करतो, पुठ्ठे कापून, रात्र रात्र जागून, कुणाला हात लावू द्यायचा नाही. यंदा बाजारातून तयार आणलं आणि टेबलावर ठेवून निघून गेला. पुरणपोळ्या चार-पाच सहज खाणारा मुलगा अर्धी खाऊन उठला. बाथरूममध्ये अर्धा-पाऊण तास, नळ चालू. रात्री अकराला "पाच मिनटात आलो" म्हणून जातो ते दीडला येतो, मग झोपतच नाही, वर गच्चीत फेऱ्या मारताना आवाज येतो. एखाद्या दिवशी मात्र दुपारी तीनपर्यंत मेल्यासारखा झोपलेला (अभद्र लिहिलं पण तसंच वाटतं बघताना). बोलताना एकदम फास्ट बोलतो, जबडा हलत असतो, आणि काही विचारलं की अंगावर येतो. एवढ्या उकाड्यात घरात पण फुल बाह्यांचा टीशर्ट. बाबांनी बीकॉम झाल्यावर दिलेलं घड्याळ "दुरुस्तीला टाकलंय", त्याला तीन महिने झाले.

आणि पैसे. आई भिशीचे पैसे तूरडाळीच्या डब्यात डाळीखाली ठेवते, आजीपासूनची पद्धत. त्यातून दोन वेळा पाचशेच्या नोटा गेल्या. आईने धुणं-भांड्याच्या मावशींना काढून टाकलं. अकरा वर्षं होत्या आमच्याकडे.

मी आईला म्हटलं तर ती म्हणते नजर लागलीय, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. बाबा म्हणतात नशा करणारा पोरगा पहाटे पाचला उठून ग्राउंडला जाईल का, तू सासरी बसून काहीतरी वाचतेस आणि आम्हाला घाबरवतेस. मला पण वाटतं मी उगाच शंका घेतेय का. पण पोटात गोळा आलाय तो जात नाही.

डोळ्यांवरून वगैरे कळतं का? मेडिकलमध्ये टेस्ट किट मिळतं म्हणतात ते आणू का? त्याची बॅग तपासू का? आणि विषय काढायचा कसा? कुणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

चहाबाज

ताई आधी एक, बॅकग्राउंडला हे लक्षात ठेवा की आपल्या भागात माल मिळत नाही असं आता कुणी म्हणू नये, कुपवाड आणि विटा दोन्हीकडं एमडी (मेफेड्रोन, नशेची उत्तेजक पावडर) सापडल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात.

आमच्या हॉस्टेलवर गांजावाले होते त्यांची खूण सोप्पी. डोळे लाल, खिशात आय-ड्रॉप, रूममध्ये अगरबत्ती नाहीतर बॉडी स्प्रेचा मारा, वहीत गोगो पेपर (गांजा वळायचा पातळ कागद), आणि रात्री बाराला भूक लागून अख्खा पार्ले संपवायचे. तुमचा भाऊ तर जेवतच नाही आणि झोपत नाही म्हणताय. म्हणजे हे गांज्याचं गणित नाही. भूक मारणारं आणि झोप उडवणारं काहीतरी आहे, असलंच तर. जबड्याचं लिहिलंत ते वाचून मला एमडीच वाटलं. पण मी डॉक्टर नाही, चहा पिणारा माणूस आहे.

नववं_वर्ष

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मावशींचं वाचून तर उठून बाहेर जाऊन आलो. कारण आमच्या घरून पण कामवाली बाई काढली होती, आणि चोर मी होतो.

आधी गर्द (ब्राउन शुगर), मग काही वर्षं बरा, मग एमडी. आता सुटल्याचं नववं वर्ष चालू आहे, रोजचा दिवस रोज. त्यामुळे पलीकडच्या बाजूने सांगतो.

डोळे बिळे बघत बसू नका. म्हणजे खुणा असतात, गर्दमध्ये बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा होतो, एमडीमध्ये उलटा मोठा होतो, गर्द मिळाली नाही की नाक गळतं, सारख्या जांभया येतात, अंग मोडून येतं, जुलाब होतात आणि घरचे म्हणतात व्हायरल आहे. माझ्या आईने मला आठ महिन्यात चार वेळा "व्हायरल" साठी काढा पाजलाय. पण आम्ही या खुणा लपवण्यात एक्स्पर्ट असतो, गॉगल असतो, थेंब असतात, सर्दी असते. जे लपत नाही ते म्हणजे हिशोब. पैशाचा आणि वेळेचा. पाच मिनिटांचे अडीच तास का झाले, पेट्रोलला दिलेले तीनशे असताना गाडी ढकलत का आणली, घड्याळाचा दुकानदार तीन महिने काय करतोय. एकेका गोष्टीला उत्तर असतं आणि ते पटण्यासारखं असतं. सगळी उत्तरं एका कागदावर लिहा, मग एकमेकांना काटतात.

दुसरं म्हणजे कारणं. खरं बोलणारा माणूस "उशीर झाला" म्हणतो आणि हात धुवायला जातो. मी विचारायच्या आधी सांगायचो, आणि सविस्तर सांगायचो, कुठल्या चौकात कुणाची गाडी पंक्चर झाली, पंक्चरवाल्याकडे ट्यूब नव्हती, मग आम्ही कुठे गेलो. एवढे डिटेल कुणी देत नाही हो.

आईच्या देव्हाऱ्यातली चांदीची निरांजनं मी विकली. दोन. आईला संध्याकाळी दिवा लावताना कळलं. मग मी काय केलं असेल? मी तिच्याबरोबर शोधली. कपाट ओढून मागे बघितलं, माळ्यावर चढलो, जुन्या पेपरचा गठ्ठा सोडला. अडीच तास. ती मलाच म्हणाली दमलास रे, चहा टाकते. हे मी अजून कुठे लिहिलं नव्हतं.

बाबांचा पहाटे पाचचा मुद्दा. माझा सात महिने ऑफिसला एक लेटमार्क नव्हता. उलट जास्त वेळेवर जायचो, कारण घरातून बाहेर पडायला मिळायचं. आणि तो पाचला "उठतो" का पाचपर्यंत "जागा असतो", हे कुणी बघितलंय का?

बॅग तपासायची का. मी म्हणेन गपचूप बघितलंत तर बघितलंत, घरातलं माणूस आहे, मरणाची भीती वाटली की माणूस बघतो. पण सापडलं तर तिथल्या तिथं बॅग हातात घेऊन धाड टाकल्यासारखं करू नका. आमच्याकडे झालं होतं तसं, सगळे मामा-काका हॉलमध्ये आणि मध्ये स्टुलावर माझी पुडी. मी काय शिकलो? पुडी घरात ठेवायची नाही.

फौजी_मामा

एवढं चर्चा करण्यासारखं काय आहे यात. आमच्या वेळी बापाने चार फटके दिले की सगळी नशा उतरायची. खोलीत कोंडा आठ दिवस, फोन काढून घ्या, आपोआप सुटतं. लाड झालेत पोरांचे.

नववं_वर्ष

मामा, फटके मला पण पडलेत, पट्ट्याने. आणि एका "सेंटर" मध्ये साखळीने पायाला पलंग बांधलेला होता एकवीस दिवस. बाहेर आलो त्या दिवशी दुपारी परत घेतली. तुम्ही मनापासून लिहिताय हे कळतंय पण राहू दे.

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स आहे, सोळा वर्षं, त्यातली बरीच कॅज्युअल्टीत. फौजी मामांच्या कोंडून ठेवण्यावर आधी लिहिते कारण त्याने माणूस जातो. रोज भरपूर दारू पिणारा किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय लागलेला माणूस (मालेगावकडे कुत्ता गोळी म्हणतात ती, संभाजीनगरकडे बटण म्हणतात ती) अचानक बंद केला तर फिट येऊ शकते. दारूचं तर दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होतो, अंगावर किडे चालतात म्हणतात, पलंगावरून उड्या मारतात, ताप चढतो. हे घरी खोलीत कोंडून निभवायचं प्रकरण नाही, ते सलाईन आणि औषधं देऊन हळूहळू उतरवावं लागतं. आमच्याकडे असा एक माणूस आणला होता, घरच्यांनी कौतुकाने सांगितलं की तीन दिवस थेंब दिला नाही. फार उशीर झाला होता.

आता ताईंचं. जे लिहिलंय त्यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या कशानेही होऊ शकतं, हे पण डोक्यात ठेवा. वजन उतरणं, घाम, छातीत धडधड, झोप नाही, चिडचिड, हे थायरॉइड वाढलं तरी होतं. झोप न येता उत्साह, फास्ट बोलणं, पैसे उडवणं, हे मेनियात होतं, म्हणजे बायपोलर आजारात. या वयातच ते सुरू होतं बऱ्याचदा. नैराश्यात पण माणूस माणसातून उठतो, मखर करावंसं वाटत नाही. म्हणून डॉक्टरकडे न्यायचं ते "तू नशा करतोस" सिद्ध करायला नाही, तर काय झालंय ते बघायला. आणि खरं सांगू का, त्या वाक्यावर पेशंट यायला पण तयार होतो. "वजन किती उतरलंय तुझं, एकदा रक्त तपासून येऊ."

मी असते तर पंधरा दिवस फक्त एका वहीत लिहिलं असतं. झोपला किती वाजता, उठला किती वाजता, जेवला काय, किती पैसे मागितले, कुठल्या वारी बिघडला. आईला लिहायला सांगा, तिला पण काहीतरी हातात मिळेल मीठ-मोहऱ्यांशिवाय. डॉक्टरला ही वही सोन्यासारखी असते. नाहीतर ओपीडीत सगळे म्हणतात "हल्ली विचित्रच वागतो" आणि आम्ही काय समजायचं त्यातून.

फुल बाह्यांचं मात्र मला आवडलं नाही. कोपराच्या आतल्या बाजूला, मनगटावर, मांडीवर टोचल्याच्या खुणा, काळपट रेषा, गाठ, हे बघा जमलं तर. बाथरूममध्ये रक्ताचे बारीक डाग, कापसाचे बोळे, सुईची प्लॅस्टिकची टोपी.

आणि वाट बघायची नाही अशा गोष्टी सांगते. श्वास एकदम मंद, ओठ-नखं निळी, हाक मारून उठत नाही: कुशीवर वळवा, १०८ लावा, आणि आलेल्या डॉक्टरला काय घेतलं असेल ते न लाजता सांगा, आम्ही पोलीस नाही, आम्हाला औषध ठरवायला लागतं. छातीत दुखतंय, फिट आली, कुणीतरी मारायला येतंय असं बडबडतोय: तेच. जगायचं नाही असं काही बोलला तर एकटं सोडू नका, हे नाटक म्हणून धरू नका, उत्तेजक द्रव्य उतरतं तेव्हा मन फार खाली जातं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

थोरली_ताई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. नववं_वर्ष, तुमची पोस्ट मी बाबांना फोनवर वाचून दाखवली, निरांजनापर्यंत आल्यावर ते म्हणाले बास कर आता.

काल शनिवार, परत सांगलीला आलेय, ऑफिसला ताप आहे सांगून. तो ग्राउंडला गेल्यावर मी जिमची बॅग बघितली, हात थरथरत होते माझे, आपल्याच घरात चोरी केल्यासारखं. पावडर, पुडी, पेपर काही नाही. एका मोज्यात गुंडाळलेली छोटी काचेची बाटली, रबरी बूच असलेली, औषधाचीच आहे, पाण्यासारखं अर्धं उरलंय, आणि दोन सिरिंज. लेबलवर मेफेंटरमाइन सल्फेट इंजेक्शन असं इंग्लिशमध्ये आहे. मला एक क्षण हुश्श वाटलं की हे औषध आहे, ड्रग्ज नाही. प्रोटीनसारखं काही जिमवालं असतं का हे? परत जसंच्या तसं ठेवून दिलं.

काउंटरवाला

ताई हुश्श करू नका.

मी केमिस्ट आहे, कोल्हापूर साइड. ही बाटली माझ्या काउंटरवर चांगली धडधाकट पोरं येऊन मागतात, कधी चिठ्ठीशिवाय, कधी मोबाईलमध्ये कुठल्यातरी चिठ्ठीचा फोटो दाखवून. ऑपरेशन थिएटरमधलं औषध आहे हे. पाठीत भूल दिल्यावर पेशंटचं बीपी एकदम पडतं, ते वर आणायला भूलतज्ज्ञ वापरतात, मोजून, मॉनिटर लावून. आता तंदुरुस्त माणसाने घेतलं तर काय होणार, आधीच नॉर्मल असलेलं बीपी आणि ठोके वर जाणार. पोरांना वाटतं स्टॅमिना आला, दोन राउंड जास्त मारल्या, वजन जास्त उचललं. नात्याने हे उत्तेजक द्रव्यांच्याच घरातलं आहे, म्हणून झोप जाते, भूक जाते, जबडा चालतो, संशय येतो, भांडणं होतात. आणि मग सवय. पहिल्यांदा भरतीच्या आधी, मग प्रॅक्टिसला, मग जिमला, मग नुसतं उठायला.

हृदयाचे ठोके बिघडून तरुण पोरगा ग्राउंडवर कोसळू शकतो यावर. त्यामुळं त्याला आत्ता जोरात पळू देऊ नका ही माझी पहिली विनंती. ईसीजी काढून घ्या.

पोलिसांनी आणि एफडीएने (सरकारी औषध प्रशासन) पुणे, पिंपरी, कोल्हापूर, सांगली भागात जिमच्या आसपास ही इंजेक्शनं बऱ्याचदा पकडलीत. माल दुकानातनं कमी, ऑनलाइन आणि हातोहात जास्त येतो. कुठंतरी कुणीतरी त्याला "ग्राउंडवाल्यांचं औषध" म्हणून पहिलं टोचलं असणार. पोरगं नशा करायला गेलंच नसंल, १६०० मीटर पळायला गेलं. हे त्याच्याशी बोलताना ध्यानात ठिवा.

सिरिंज एकमेकांच्या वापरतात ग्रुपमध्ये. म्हणून एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासा. सरकारी दवाखान्यात आयसीटीसी म्हणून खोली असते तिथं एचआयव्हीची टेस्ट फुकट होते, नाव बाहेर जात नाही.

चहाबाज

च्यायला. मी एमडी एमडी करत बसलो होतो. हे तर डोक्यातच आलं नसतं. माझा मावसभाऊ पण भरतीवाला आहे, आत्ता फोन लावतो.

लघवी_स्पेशालिस्ट

(आयडी कॉलेजमध्ये घेतला होता, हसू नका, लॅब टेक्निशियन आहे.)

किटबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन मिळतात त्या पट्ट्या गांजा, अफूवर्गीय, झोपेच्या गोळ्या अशा ठराविक गोष्टी दाखवतात. गांजा रोज ओढणाऱ्याचा बंद केल्यावर पण काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो, बाकी बऱ्याच गोष्टी दोन-चार दिवसांत लघवीतून जातात. एमडी तर साध्या पट्टीवर बऱ्याचदा येतच नाही, मेफेंटरमाइनचाही भरवसा नाही. उलट सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनी खोटी पॉझिटिव्ह येते. म्हणजे निगेटिव्ह आली की घरचे पेढे वाटतात आणि पॉझिटिव्ह आली की पोरगा म्हणतो सर्दीची गोळी घेतली होती. आणि नमुना समोर उभं राहून घ्यावा लागतो नाहीतर नळाचं पाणी येतं, मी बघितलंय. बहिणीने भावाची अशी टेस्ट घरी करू नये. डॉक्टरने लिहून दिली तर लॅबला या.

अर्ध्या_वाटेवर

माझा नवरा दारूचा. चौदा वर्षं संसार, त्यातली सहा बरी. मी विषय काढण्याबद्दल लिहिते, कारण त्यात मी सगळ्या चुका करून झाल्यात.

घेतलेली असताना बोलायचं नाही. उतरताना पण नाही, तेव्हा तर मुळीच नाही. झोप झालेली, पोटात काहीतरी गेलेलं, घरात पाहुणे नाहीत अशी वेळ शोधायची, आणि आई-बाबा-ताई असा सेट नको, एकाने बोलायचं. "तू असा झालायस" ऐवजी आपण काय बघितलं ते सांगायचं, फक्त बघितलेलं. तुमच्याकडे तर मखर आहे ना. त्यापेक्षा चांगली सुरुवात मला सुचत नाही. ओरडला, नाही म्हणाला तर तिथं थांबायचं, "मी आहे, दवाखान्यात मी बरोबर येईन" एवढं बोलून उठायचं. पहिल्या वेळी कुणीच हो म्हणत नाही. माझा नवरा पाचव्यांदा म्हणाला.

पैसे हातात देणं बंद, हे आईला समजावा. मी नवऱ्याची उधारी फेडायची, ऑफिसला "पोट बिघडलंय" म्हणून फोन करायची, आणि मला वाटायचं मी संसार वाचवतेय. दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या मीटिंग असतात, अल-अॅनॉन, तिथं जायला लागले तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं की तू जेवलीस का.

डॉक्टर म्हणाल तर मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजला किंवा सांगली सिव्हिलला मानसोपचार विभागात दाखवा. फोनवर आधी बोलायचं तर १४४४६, केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, फुकट. आम्ही पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात गेलो होतो, १९८६ सालापासूनचं आहे, पुलं आणि सुनीताबाईंची देणगी सुरुवातीला होती त्याला. घरच्यांना पण बसवून शिकवतात तिथं, बायकांचा वेगळा गट आहे. सगळ्यांनाच ॲडमिट व्हावं लागतं असं नाही हं, काहींचं ओपीडीवर होतं, ते डॉक्टरांना ठरवू दे. मात्र "रात्री गाडी पाठवतो, उचलून नेतो" म्हणणारं सेंटर असेल तर फोन ठेवून द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचा आजार पण येतो, केंद्राची नोंदणी लागते, आणि माणसाच्या मनाविरुद्ध ॲडमिट करायचं तर दोन तज्ज्ञांनी, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, वेगवेगळं तपासून लिहून द्यावं लागतं, ते पण आधी ३० दिवसांपुरतं.

थोरली_ताई

बाबांना एकच भीती आहे, रेकॉर्डवर आलं तर भरतीचं काय. काल रात्रभर तेच. आई रडतेय आणि ते म्हणतायत दवाखान्यात नाव लागलं की पोरगं संपलं.

कलमकसाई

वकील आहे, पण हा सल्ला फुकटचा, त्यामुळे त्या मापात घ्या.

दवाखान्यात गेलं म्हणून पोलिसांकडं आपोआप काही जात नाही. त्याच २०१७ च्या कायद्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायची जबाबदारी डॉक्टरवर आहे. आणि समजा प्रकरण अमली पदार्थांचं असतं, तरी १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात कलम ६४अ आहे, फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही असं त्यात आहे. लोकांना सेवनाच्या शिक्षेचं कलम २७ माहीत असतं, ६४अ नसतं.

बाबांना सांगा, रेकॉर्डवर यायचा खरा रस्ता म्हणजे पोरगं उद्या तीच बाटली मित्राला देताना सापडणं. ग्रुपमध्ये एकाने मागवायची आणि बाकीच्यांनी पैसे द्यायचे असं चालतं, तिथं मग "मी फक्त वापरणारा" हे कोर्टात पटवणं अवघड होऊन बसतं.

थोरली_ताई

उशीर झाला लिहायला, नऊ दिवस झाले.

रविवारी बोलले. गच्चीत, आम्ही दोघंच, तो झोपून उठला होता, उपीट खाल्लं होतं. मखरापासून सुरुवात केली. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला ताई पुठ्ठा कापायला हात स्थिर राहत नाहीत. मी बाटलीचं काढलंच नाही, त्यानेच सांगितलं. काउंटरवालादादा, तुम्ही म्हणालात तसंच, ग्राउंडवरचा एक सीनियर, "नुसतं व्हिटॅमिन आहे" म्हणून. घड्याळ विकलंय. डाळीच्या डब्याचं पण तोच म्हणाला, माझ्याकडे न बघता.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं नाकारलं, मला नाही जायचं, तू घरात बोलून माझी वाट लावलीस. बुधवारी परत तयार. अर्ध्या_वाटेवर, पाच वेळाचं तुम्ही लिहिलं होतं म्हणून मी शांत राहिले, नाहीतर खरंच दोन दिल्या असत्या. गुरुवारी ओपीडीला नंबर लावला. ईसीजी काढला, ठोके जास्त आहेत पण बाकी ठीक म्हणाले, रक्ताचे रिपोर्ट उद्या. थायरॉइड पण बघतायत. डॉक्टरांनी आईची वही मागून घेतली आणि पहिलं पान ते शेवटचं पान वाचली, आई एकदम सरळ होऊन बसली खुर्चीत. बाबा आले होते, बाहेर बाकावर बसले, आत आले नाहीत. पुढच्या गुरुवारी येतो म्हणालेत.

काल आई मावशींच्या घरी गेली, मी बरोबर होते. आईला बोलता येईना, शेवटी डाळीच्या डब्याचं मीच सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं, चहा केला, भावाची तब्येत विचारली. कामावर परत या म्हटलं तर म्हणाल्या नको वैनी, आता दुसरीकडं लागलीय मी.